इद्वलच्या चौदा मेंढ्या

तीस वर्षं शाळेची बस चालवलेल्या माणसाला मेंढ्या सांभाळणं म्हणजे डाव्या हातचा मळ! बावन्न वेल्श कारटी मी रोज डोंगरातल्या वळणांवरून धडधाकट पोचवली. तिथे चार मेंढरांची काय कथा!

निवृत्त झालो, चार एकर घेतली आणि तीन मेंढ्या, एक मेंढा आणला. साध्या नव्हेत, दुर्मिळ सोए जातीच्या! तपकिरी, सडपातळ, नजर खुनशी.

"ही हरणं कुठून उचललीस, पोरा?" शेजारच्या इद्वलनी विचारलं. मी बासष्टचा, पण अठ्ठ्याहत्तरीच्या माणसाला मी पोरच. "कुंपण वाढव. ही जात उड्या मारते."

"इद्वल, कोण कधी उडी मारणार हे मला मागे न बघता कळतं!"

त्यांच्याकडे बालवेन जातीच्या चौदा मेंढ्या होत्या. काळ्याभोर, कपाळावर पांढरा पट्टा, पायांत जणू पांढरे मोजे. चाळीस वर्षं जपलेलं शुद्ध रक्त. माक्सेन हा त्या रक्ताचा शेवटचा मेंढा.

ऑक्टोबरात इद्वलच्या खुब्याचं ऑपरेशन झालं. नंतर तीन आठवडे ते लेकीकडे राहणार होते. माक्सेनला त्यांनी लेकीच्याच गोठ्यात ठेवलं आणि मेंढ्या माझ्यावर सोपवल्या.

"रोज एकदा मोजायच्या. बास."

"निश्चिंत राहा!"

तिसऱ्याच दिवशी माझा मेंढा गायब! मी खाद्याची बादली वाजवत रानोमाळ फिरलो. जंगलात हाका मारून घसा बसला. गावात सांगायची सोय नव्हती, बढाया थोड्या मारल्या होत्या का! या धावपळीत इद्वलच्या मेंढ्या मोजायच्या त्या गाडीच्या काचेतून, धुक्यात. एकदा पंधरा भरल्या. म्हटलं, कमी तर नाहीत ना? उत्तम!

अठराव्या दिवशी टेग्वेन, म्हणजे आमची बायको, तिकडून चालत आली.

"एमलिन, तुझा मेंढा सापडला."

"कुठे?"

"सासुरवाडीत!"

चौदा काळ्या बायकांच्या मधोमध महाराज रवंथ करत बसले होते! बादली दाखवून आम्ही त्याला गुपचूप घरी आणलं.

"इद्वलला आजच सांग," टेग्वेन म्हणाली.

"सांगतो. आधी त्यांना नीट चालता येऊ दे."

इद्वल काठी टेकत आले. माक्सेनच्या छातीला पिवळा रंग फासून त्याला मेंढ्यांत सोडलं. मेंढा लागला की मेंढीच्या पाठीवर रंग उमटतो. तीन आठवडे झाले, एकाही पाठीवर ठिपका नाही! उमटणार कसा? सगळ्या आधीच गाभण!

"माक्सेन संपला रे," इद्वल कुंपणाला टेकून म्हणाले. "माझ्यासारखाच."

तेव्हाच बोलायचं होतं. मी काय म्हणालो? "वय कुणाला चुकलंय!"

माक्सेन खाटकाकडे गेला. इद्वलनी आम्हाला एक मांडी पाठवली, मेंढ्या सांभाळल्याबद्दल. टेग्वेननं ताटाला हात लावला नाही. मी खाल्ली. चावता चावत नव्हती.

मार्चअखेर इद्वलचा फोन आला. "जरा ये."

गोठ्यात तेरा कोकरं होती, एक मेंढी व्यायची बाकी. तेराही तपकिरी! काडीसारखे पाय, तीच खुनशी नजर. आणि माझ्या घरच्या तिन्ही मेंढ्यांना मात्र एकही कोकरू नाही. त्या गृहस्थाला घरच्यांचं मुळी अप्रूपच नव्हतं!

इद्वल ओरडले नाहीत. एक कोकरू पुसत त्यांनी विचारलं, "तुला ठाऊक होतं?"

"छे! मला कसं..."

"होतं," माझ्यामागोमाग आलेली टेग्वेन दारातून म्हणाली. "माक्सेन जिवंत होता तेव्हापासून."

इद्वल खाली बघून पुसत राहिले. कोकरू कोरडं झालं, तरी पुसतच होते.

"बरं," एवढंच म्हणाले.

भरपाई त्यांनी घेतली नाही. माझं कुंपण मी आठ फूट केलं, तेही बघायला आले नाहीत. पुढच्या हिवाळ्यात त्यांनी चौदाही मेंढ्या विकल्या.

आता रस्त्यात त्यांचा ट्रॅक्टर समोरून आला आणि गाडीत शेजारी टेग्वेन असली, तर ते हात वर करतात. मी एकटा असलो की सरळ पुढे बघत निघून जातात.

म्हणून हल्ली मी साधं पाव आणायला निघालो, तरी तिला बरोबर नेतो.