हकीकत नमुना-क्रमांकाच्या सुटकेची

पुढील पिढ्यांनी पुसो नये की, बाबांनो, तुम्ही तेथेच बसला होता आणि लिहून का ठेविले नाहीत, म्हणोन कचेरीच्या फाटकाबाहेर टाइपराइटर मांडून अठ्ठावीस वर्षे रयतेचे अर्ज टंकणारे आम्ही अर्जनवीस हे वर्तमान तपशीलवार लिहितो. जे कानी ऐकिले ते लिहिले, जे डोळां देखिले ते लिहिले, आणि जे ऐकिलेही नाही व देखिलेही नाही ते सर्वांत खात्रीने लिहिले, कारण या लेखनाची रीतच ती आहे. वाचणाराने राग मानो नये. मानिल्यास तक्रारीची खिडकी तीन नंबरची आहे आणि ती बंद आहे.

तर सरकार दौलतमदार यांनी रयतेच्या कल्याणार्थ एक संकेतस्थळ उभारिले, आणि त्याच्या तळाशी, मुंगीस चष्मा लागावा ऐशा बारीक अक्षरांत, अभयपत्र लिहिले की येथे भेट देणाऱ्या कोणाचीही वैयक्तिक माहिती आपोआप गोळा केली जात नाही. हे शब्दशः खरे होते. आपोआप तेथे काहीच होत नव्हते. रयतेने स्वहस्ते आपले नाव, बापाचे नाव, रक्तगट, पायाचे माप, अंगावरील तीळ आणि तो नेमका कोठे आहे ते भरावे, आणि मग पुढील पानावर तेच पुन्हा भरावे, आणि हे सर्व आपखुशीने करावे. न केल्यास बटण दाबले जात नसे, इतकीच काय ती जबरदस्ती.

आता मोबाईलच्या रकान्यात फिकट अक्षरांनी 'उदाहरणार्थ' म्हणोन दहा आकडे छापणे जरूर होते. संकेतस्थळ बांधणारे संगणकबहाद्दर यांस वरून हुकूम होता की उद्घाटन उद्या आहे, आणि बहाद्दरांस दहा आकडे काही केल्या सुचेनात, तों त्यांचा हात खिशात गेला आणि एक चिठ्ठी निघाली. चिठ्ठीवर मजकूर येणेप्रमाणे: पॅन्ट एक, कंबर दोन इंच सैल करणे, बुधवारी न्यावी; आणि खाली शिवणदुकानाचा नंबर. बहाद्दरांनी तो जशाचा तसा उतरविला आणि पॅन्ट आणावयास बुधवारी गेले.

येथे रयतेचा स्वभाव सांगणे प्राप्त आहे. या कचेरीच्या भिंतीवर पूर्वापार नमुन्याचा भरलेला अर्ज टांगिलेला असे, आणि रयत त्यावरहुकूम भरीत असे. एके वर्षी तर निम्म्या गावाने नमुन्यातील गृहस्थाचाच बाप लावून घेतला होता आणि ते सर्व अर्ज मंजूर जाहले होते. ज्याने स्वतःच्या बुद्धीने भरिला त्याचा फेटाळिला गेला. सबब नमुना म्हणजे हुकूम, हे रयत अनुभवाने शिकली होती. संकेतस्थळावरील फिकट आकडे बोट लाविताच नाहीसे होत, तर शहाण्या लोकांनी ते आधी कागदावर उतरून घेतले आणि मग काळजीपूर्वक भरिले.

ज्यांचा तो नंबर, त्या शिवणदुकानवाल्या मावशी, ज्यांस आम्ही येथून पुढे मावशीसाहेब म्हणू. एक मशीन, एक कात्री, आणि जीभ कात्रीहून धारदार. त्यांस एकच कन्या. चार वर्षांमागे मायलेकींचे भांडण जाहले. मावशीसाहेबांचे म्हणणे दुकान पुढे चालव, आणि कन्येचे म्हणणे मला दुसऱ्या शहरी नोकरी लागली आहे. आणि शब्दाला शब्द लागून कन्या बोलिली की मशीन तुझी, तूच चालव. आणि मावशीसाहेब बोलून गेल्या की मग फोनही करू नकोस. कन्येने तो हुकूम अक्षरशः पाळिला. नोकरीबरोबर तिने आपला नंबरही बदलिला, आणि नवा आईस ठाऊक नव्हता. परंतु आईचा नंबर मात्र ती शाळेत असल्यापासून पाढ्यांसारखा पाठ म्हणत असे. त्या दहा आकड्यांखेरीज दोघींत आता दुसरा धागा नव्हता.

संकेतस्थळ उघडल्याच्या तिसरे प्रहरी मावशीसाहेबांचा फोन वाजिला आणि मग वाजतच राहिला. अवघ्या मुलुखाच्या ओटीपी नामे सहा आकडी परवल्या त्यांच्या छावणीत येऊन पडू लागल्या, आणि परवली न पोचलेली रयत, आपण कोणता नंबर भरिला ते पाहून, त्याच नंबरावर फोन करू लागली. मावशीसाहेब एका हाताने बाही जोडीत आणि फोन खांद्यात धरून सांगत, "हं आजोबा, लिहा, चार, सात, दोन... नाही हो, हयातीचा दाखला तुमचा, माझा नाही. मी अजून जिवंत आहे, पण तुम्ही असेच फोन करा, मग बघू." कोणाचा घटस्फोट कोठवर आला, कोणाचे वय कागदावर पाच वर्षांनी उतरले, कोणत्या सासूने सुनेविरुद्ध आणि त्याच सुनेने सासूविरुद्ध एकाच दिवशी अर्ज दिला, हे सर्व त्यांस कळो लागले. माहितीच्या गुप्ततेचा असा चोख बंदोबस्त होता की ती कचेरीत कोणासही ठाऊक नव्हती, फक्त शिवणदुकानात होती.

याचा परिणाम ऐसा जाहला की मावशीसाहेबांनी एका मास्तरांच्या पॅन्टचे दोन्ही पाय खालून शिवून बंद केले. गिऱ्हाइके फिरकेनात. जो तो येऊन सल्ला देई की मावशी, नंबर बदला, पाच मिनिटांचे काम आहे. त्यावर त्या मशीन जोरात चालवीत. आणि ज्या फोनची चार वर्षे वाट पाहिली, तो या गर्दीत येऊन परत गेला तर कळणार कसे, या विचाराने त्या जेवणाच्या ताटावरही फोन उचलीत.

पहिली चढाई संकेतस्थळावरच जाहली. त्यांचे धाकटे बंधू, निवृत्त पोस्टमन, यांनी चष्मा पुसून तक्रारीचा रकाना भरिला, आणि संकेतस्थळाने उलट जबाब पाठविला की सदर क्रमांकाचे मालक एक्याऐंशी वर्षांचे सेवानिवृत्त मुख्याध्यापक आहेत, सबब आपण ते असल्याचा पुरावा द्यावा. मावशीसाहेब बोलिल्या, "भाऊ, मी कधी मास्तर झाले रे?" ऐसी पहिली शिकस्त जाहली.

मग सोमवारी उभयतां बहीणभाऊ कचेरीवर चालून आले. आमच्यापाशी थांबून त्यांनी अर्ज टंकून घेतला, आणि आम्ही त्यात 'सविनय' हा शब्द चार वेळा घातला, तो मावशीसाहेबांनी तीन वेळा खोडविला. पुढे रांगेत चाळीस असामी. दोन प्रहर उभे राहून मावशीसाहेब माहितीरक्षक साहेबांपुढे दाखल जाहल्या. हे साहेब म्हणजे तमाम रयतेच्या वैयक्तिक माहितीचे राखणदार. मेजावर दोन संगणक, एकावर सरकारी काम बंद होते आणि दुसऱ्यावर खाजगी चालू होते.

साहेबांनी अर्ज वाचिला आणि निवाडा दिला तो येणेप्रमाणे. धोरणानुसार आम्ही कोणाची माहिती ठेवीत नाही. सबब आपला नंबर आमच्याकडे नाही. सबब जे नाही ते काढिता येत नाही. मावशीसाहेबांनी पडद्यावर बोट ठेवून दाखविले की हा काय आहे. साहेबांनी फर्माविले की ते उदाहरण आहे, आणि उदाहरण कोणाचेही वैयक्तिक नसते.

"मावशी, नंबर बदलून टाका ना. एवढं काय आहे त्यात?" साहेब बोलिले.

तेव्हा मावशीसाहेब, ज्या आजवर कोणास बोलिल्या नव्हत्या, त्या भर कचेरीत बोलिल्या, "माझ्या मुलीला हाच पाठ आहे. चार वर्षं बोललो नाही आम्ही. उद्या तिला वाटलं, आईला फोन करावा, आणि उचलला भलत्यानंच, तर ती परत करेल? माझीच मुलगी आहे ती. नाही करायची." बंधू छताकडे पाहू लागले. साहेबांनी मान हालविली, जी वारंवार हालवून सैल जाहली होती, आणि दुसऱ्या संगणकाकडे वळून आपले खाजगी काम पुढे चालविले.

ते काम ऐसे होते की साहेबांस आपल्या गावाकडे बदली हवी होती, आणि तिचा अर्ज त्याच संकेतस्थळावर भरावयाची आज अखेरची मुदत होती, आणि घड्याळात पाच वाजावयास बारा मिनिटे होती. साहेबांनी बटण दाबिले. मावशीसाहेबांच्या पिशवीत फोन टुंग करून वाजिला. परवली येईना म्हणोन साहेबांनी 'पुन्हा पाठवा' दाबिले, आणि पिशवी पुन्हा टुंग. तिसऱ्या वेळेस मावशीसाहेबांनी फोन काढून वाचिला, आणि एकदा साहेबांच्या मेजावरील नावाच्या पाटीकडे पाहिले, आणि फोन बंधूंपुढे धरिला.

"साहेब," मावशीसाहेब गोड आवाजात बोलिल्या, जो आवाज त्यांच्या गिऱ्हाइकांनी कधी ऐकिला नव्हता, "तुमची बदली माझ्या पिशवीत आलीये."

रांगेतून कोणी पुसिले की साहेब, तुम्हीही नमुन्याचाच नंबर भरला? तेव्हा घाईत, बटणावरील बोट न काढिता, माहितीरक्षक साहेबांच्या मुखातून जे सत्य निघाले ते आम्ही सोन्याच्या अक्षरांनी लिहिले असते, परंतु आमच्या टाइपराइटरची फीत काळीच आहे.

"अहो, सरकारी साइटवर स्वतःचा नंबर कोण देतं?"

चाळीस असामींनी ऐकिले. बंधूंच्या मनात आले की परवली दाबून ठेवावी आणि साहेबांस रडू द्यावे, परंतु छत्तीस वर्षांची टपालाची नोकरी आड आली, आणि ते बोलिले की ताई, ज्याचं पत्र त्याला द्यावंच लागतं. मावशीसाहेब बोलिल्या, "देते की. मी कोणाचं अडवलंय? फक्त आधी माझा पत्ता त्या पडद्यावरून पुसा." आणि फोन छातीशी धरून बाकावर बसल्या. परवलीची मुदत दहा मिनिटे.

मग जी धावपळ जाहली तैसी त्या कचेरीने कधी देखिली नव्हती. जे काम समिती, उपसमिती आणि तिन्ही मोहरांशिवाय होत नाही, ते हाकेसरशी होऊ लागले. शेजारच्या दालनातून संगणकबहाद्दर धावत आले, त्यांनी मावशीसाहेबांस पाहिले आणि आपली पॅन्ट सावरिली, आणि तीन मिनिटांत नमुन्याचा नंबर पुसिला, आणि त्यास चिकटलेल्या दोन हजार एकशे अठरा नोंदी सोडविल्या, साहेबांची तेवढी मागे ठेविली. नंबराच्या जागी दहा शून्ये बसविली. मावशीसाहेबांनी चष्मा लावून पडदा पाहिला, पुन्हा पाहिला, आणि मग सहा आकडे सावकाश, एकेक करून सांगितले. साहेबांचा अर्ज पाच वाजता दाखल जाहला. दुसरे दिवशी रयतेने इमानेइतबारे दहा शून्ये भरिली.

तक्रारवहीत कचेरीने शेरा लिहिला तो जसाच्या तसा: 'तक्रारदाराची कोणतीही माहिती आमच्याकडे नव्हती. ती काढून टाकण्यात आली आहे.'

मंगळवारी फोन तुरळक वाजिला. बुधवारी अजिबात वाजिला नाही. मावशीसाहेबांनी मास्तरांच्या पॅन्टचे पाय उसविले, आणि अधूनमधून फोन उचलून तो चालू आहे की नाही ते पाहिले, आणि भावास बोलिल्या की भाऊ, फार शांत झालं रे, बरं वाटत नाही. गुरुवारी अकराचे सुमारास अनोळखी नंबर आला. मावशीसाहेबांनी सवयीने मशीन न थांबविता पुसिले, "बोला, कुठला दाखला?"

पलीकडून आवाज आला, "आई, तुझा नंबर त्या सरकारी फॉर्ममध्ये काय करत होता?"

मशीन थांबिली.

"मी गेला आठवडाभर लावत होते," कन्या सांगो लागली, "सारखा बिझी! कंटाळून दोन-तीन दिवस सोडूनच दिलं होतं. भाड्याच्या घराची नोंद करायला बसले, तर समोर तुझा नंबर. मला वाटलं, तुला काही झालं की काय. कोण एवढं बोलत होतं तुझ्याशी?"

मावशीसाहेब बोलिल्या, "सगळं गाव. तू सोडून." आणि मग, चार वर्षांत जमले नव्हते ते, त्या हसता हसता रडल्या, की रडता रडता हसल्या, हे आम्हांस खात्रीने सांगता येते, कारण आम्ही तेथे नव्हतो.

येणेप्रमाणे मोहीम फत्ते जाहली. सरकारने नंबर उघड्यावर मांडिला म्हणोन रुसलेल्या लेकीस निमित्त मिळाले, आणि मावशीसाहेबांनी तो परत हिसकाविला म्हणोन तिचा फोन लागला. तरी श्रेय कोणाचे ते वाचणाराने ठरवावे, संकेतस्थळाने आपले म्हणोन मुखपृष्ठावर आधीच लिहिले आहे. त्या दिवशी तो फोन पुन्हा दोन तास बिझी होता, आणि त्याची तक्रार घेऊन आमच्याकडे कोणी आले नाही.