दूताच्या गळ्यात विणा

"असा देशच न्हाई," काकासाहेबांनी जाहीर केलं आणि पुढची भाकरी मोडायला घेतली.

समोर बसलेल्या शिवकन्येने कपाळाला हात लावला. "देश न्हाई म्हंजी? आबा, माझी निवड झाली तिकडं. पहिली फेरी झाली. आता दूतावासाचा माणूस येऊन माझं गाणं ऐकणार, त्याला पसंत पडलं की पक्कं. एक वर्ष तिथल्या विद्यापीठात."

"शाळेत भिंतीवर जगाचा नकाशा हाय. मी अन् तुझा अंगदकाका सकाळीच जाऊन आलो. बोट लावून लावून पाह्यलं. स्लोव्हेनिया न्हाई."

"तो नकाशा तुम्ही शाळेत होते तवाचा हाय!"

"मंग? देश काय आळंब्यावानी उगवतेत का?"

वडीगोद्रीच्या हायवेपासून आत असलेल्या बोरवाडीत काकासाहेबांइतका भाविक माणूस नव्हता आणि त्यांच्याइतका संशयीही. कीर्तनात पहिलं पाणी त्यांच्याच डोळ्याला यायचं. पण दुकानातून साखर आणली तर वाटेत पुडी उघडून चिमूटभर तोंडात टाकल्याशिवाय ती साखर आहे हे त्यांना पटत नसे. त्यात मागे शेजारच्या गावातल्या एका गुरुजींना फोनवरच्या भामट्याने फसवलं, तेव्हापासून अनोळखी आवाजाला ते "रामकृष्णहरी"सुद्धा म्हणत नव्हते.

"पण दूतावासाला आपल्या पोरीचं काय पडलंय?" आसराबाईंनी पिठल्याची वाटी सरकवत विचारलं.

"माय, दूतावासाचं ते कामच असतंय. दोन देशांची ओळख वाढावी म्हणून आपली पोरं तिकडं शिकायला, त्यांची इकडं. त्यांचं गाणं आपल्याला, आपले अभंग त्यांना. मी एमएला संगीत घेतलंय, म्हणून माझा नंबर लागला. येण्याजाण्याचा, राहण्याचा सगळा खर्चा त्यांचा."

काकासाहेबांचा घास हातातच राहिला. "पैसे मागितले न्हाई?"

"न्हाई."

"एक रुपयाबी?"

"न्हाई, आबा."

"मंग तर पक्का भामटा," काकासाहेब म्हणाले. "कच्चा असता तर पह्यल्या फोनलाच मागितले असते. अन् दूत हा प्रकारच वाईट. कीर्तनात ऐकत न्हाई का? मारुती दूत म्हणून गेला, लंका जाळून आला. रावणाच्या दरबारात अंगद गेला, पुढं युद्ध. कौरवांकडं खुद्द भगवंत गेले, तरी युद्ध. एकबी दूत सुखासुखी परत आल्याचं मी ऐकलं न्हाई."

"सीतामाईला अंगठी कोणी नेऊन दिली? पोस्टमननं?" शिवकन्येने विचारलं.

काकासाहेब हात धुवायला उठले.

गावात हरिनाम सप्ताह चालू होता आणि कमिटीचे प्रमुख काकासाहेबच. दूतावासाचे साहेब दुसऱ्या दिवशी दुपारी, सप्ताहातच, शिवकन्येचं गाणं ऐकायला येणार होते. त्यांना आणायला ती सकाळीच स्कुटीवरून वडीगोद्रीला निघाली, तेव्हा काकासाहेबांनी हात पुढे केला. "फोन ठेवून जा. तेवढ्या टायमात त्यानं तुझ्याकडून ओटीपी-बिटीपी काढला तर?"

बापाशी वाद घातला तर जाणंच रद्द होईल, म्हणून तिने फोन दिला. तो काकासाहेबांच्या बंडीच्या खिशात गेला आणि थोड्याच वेळात वाजू लागला. काकासाहेबांनी कापला. पुन्हा वाजला. पुन्हा कापला. शेवटी त्यांनी तो उचलून एवढंच सांगितलं, "आमच्याकडं काहीच न्हाई. अकाउंटबी न्हाई, फोनबी न्हाई," आणि बंद करून टाकला.

पलीकडे दूतावासाचे बिचारे मातेय साहेब गाडीचं टायर फुटल्याने हायवेच्या कडेला उभे होते. फोन लागेना, म्हणून ते मिळाली ती काळीपिवळी जीप पकडून, कुणाचं तरी करडू मांडीवर घेऊन, थेट बोरवाडीत उतरले. शिवकन्या तिकडे फाट्यावर दूतावासाच्या मोठ्या गाडीकडे डोळे लावून बसलेली. तिच्या समोरून ती जीप निघून गेली. पण करडू घेऊन बसलेला माणूस दूत असेल असं तिला तरी कसं वाटावं?

उंच, गोरा, घामाने लाल झालेला माणूस मांडवात आला. नळावर पाय धुतले, हात जोडले आणि म्हणाला, "प्रणाम. मैं दूतावास के सांस्कृतिक विभाग से आया हूँ। आपके दर्शन पाकर मैं अत्यंत कृतार्थ हूँ।"

काकासाहेबांनी अंगदला कोपराने ढोसलं. "ऐकलं? एवढं शुद्ध हिंदी दिल्लीतबी कोणी बोलत न्हाई. पाठ करून आलाय."

साहेबांनी ओळखपत्र काढलं. काकासाहेबांनी ते उन्हात धरलं, वाकवलं, नखाने खरवडलं. "असले कार्ड जालन्यात पाहिजे तितके छापून भेटतेत," त्यांनी निकाल दिला आणि मांडवाच्या मागे जाऊन चौकीच्या जमादारांना फोन लावला. सुग्रीव जमादार पलीकडून म्हणाले, "मी बंदोबस्तात हाय. येतो. तवर त्याला हलू देऊ नका. पण हात लावू नका, परदेशी असंल तर माझी नोकरी जाईल."

हात न लावता माणूस थांबवायचा कसा? हा विचार काकासाहेब करत असताना अंगदच्या डोळ्यांत चमक आली. अंगद त्या वेळी विणेच्या पहाऱ्यावर होता. सप्ताहात विणा जमिनीला टेकत नाही. कुणीतरी ती गळ्यात घालून अखंड उभं राहायचं, मुखात नाम. पुढच्या पहारेकऱ्याने येऊन आपल्या गळ्यात घेतली की सुटका. अंगदचा पुढचा पहारेकरी अजून उगवला नव्हता. त्याच्या पायाला मुंग्या आल्या होत्या आणि चहाची वेळ टळून गेली होती.

"दादा, विणा त्याच्या गळ्यात घाला," अंगद कुजबुजला. "मंग पळतो कुठं? राजा असो की चोर, दुसरा आल्याशिवाय हलता येत न्हाई."

"अन् विटाळ?"

"विणेला देश-जात काही कळत न्हाई, असं परवाच महाराज म्हणले. तुम्ही तर रडत होते तवा."

काकासाहेबांना खरंच रडल्याचं आठवलं. त्यांनी मान हलवली, साहेबांच्या कपाळी बुक्का लावला आणि विणा त्यांच्या गळ्यात आली. साहेबांनी एकदा विणेकडे पाहिलं, एकदा काकासाहेबांकडे. "मुझे?" त्यांनी विणेला कपाळ टेकवलं. अंगदने घाईघाईने "रामकृष्णहरी" म्हणून दाखवलं आणि तो चहाकडे सुटला. काकासाहेबांनी मांडवात फर्मान काढलं, "मी सांगंस्तवर ही विणा कोणीबी घ्यायची न्हाई."

बेत बिनचूक होता. फक्त एक गोष्ट काकासाहेबांच्या ध्यानातून गेली. विणेकऱ्याच्या पायावर डोकं ठेवल्याशिवाय आपल्याकडे कुणी मांडवात पाऊल पुढे टाकत नाही.

आधी आल्या कांताबाई. नमस्कार करून त्यांनी मान वर केली आणि एवढ्या उंच विणेकऱ्याकडे बघतच राहिल्या. साहेबांनाही पद्धत लगेच उमगली. समोरचा वाकला की तेही वाकत. मग बायकांची रांगच लागली. कुणी खडीसाखर हातावर ठेवली, कुणी फूल. आसराबाई घरून नैवेद्य घेऊन आल्या आणि त्यांनी पदर पुढे घेऊन नमस्कार केला.

"अगं, कोणाच्या पाया पडून राह्यली?" काकासाहेब दबक्या आवाजात ओरडले. "तो भामटा हाय!"

"मंग त्याच्या गळ्यात विणा कोणी घातली?"

"मीच."

"मंग भामटा कसा?" असं म्हणून आसराबाईंनी साहेबांना पदराने वारा घातला. "पाहा किती लाल झालाय लेकरू."

नैवेद्याचं ताट गाभाऱ्यात ठेवायला काकासाहेबांना साहेबांपुढूनच जावं लागलं. विणा चुकवून जाणं त्यांच्याच्याने होईना. दात-ओठ खात ते वाकले. साहेबही वाकले, आणि दोघांची डोकी टणकन आपटली.

एवढ्यात सुग्रीव जमादार आले. बूट काढून, टोपी काखेत मारून त्यांनी आधी विणेकऱ्याचे पाय धरले, मग काकासाहेबांना विचारलं, "हं. कोणाला उचलायचं?"

"आत्ता ज्याच्या पाया पडले त्यालाच."

जमादारांनी चटकन आपले हात मागे घेतले, जणू चटका बसला. "विणा गळ्यात हाय! मी न्हाई हात लावणार. माझ्या घरी लहान लेकरं हायेत. आधी विणा उतरवा."

"अंगद, घे विणा."

"तुम्हीच म्हणले ना, कोणी घ्यायची न्हाई," अंगद चहाचा घोट घेत म्हणाला.

दुसरं कुणीच पुढे येईना. शेवटी काकासाहेबांनीच मान पुढे केली. विणा त्यांच्या गळ्यात आली आणि साहेब मोकळे झाले. नेमकी तेव्हाच धुळीने माखलेली शिवकन्या धावत मांडवात शिरली. मागोमाग, टायर बदललेली, दूतावासाच्या निळ्या नंबरपाटीची लांबलचक गाडी. ड्रायव्हरने उतरून साहेबांना सलाम ठोकला. जमादारांनी ती पाटी वाचली, टोपी डोक्यावर घातली आणि त्यांनीही ठोकला.

"आबा! काय केलं तुम्ही हे?" शिवकन्येचा चेहरा उतरला. एवढ्या कष्टाने आलेली संधी बापाने जमादार बोलावून घालवली होती.

काकासाहेबांना जमीन दुभंगेल तर बरं असं झालं. पण विणा घेऊन धरणीच्या पोटात तरी कसं जाणार? साहेब मात्र हसत होते. "मैं कितने देशों में गया। सब मुझे पहली पंक्ति में कुर्सी देते हैं, गुलदस्ता देते हैं। आपके पिताजी ने मुझे अपने ईश्वर के सामने खड़ा किया। किसी ने मुझ पर इतना विश्वास नहीं किया।"

विश्वास हा शब्द ऐकून अंगदला चहाचा ठसका लागला.

मग शिवकन्येने टाळ हातात घेतले आणि बापाच्या विणेच्या सुरात सूर मिसळून अभंगाची चाल धरली. पोरीचा आवाज वर चढला तसा सगळा मांडव टाळ्यांनी ताल धरू लागला. साहेबांनी डोळे मिटले. गाणं संपल्यावर त्यांनी शिवकन्येला हात जोडले. मग ते म्हणाले, "मेरी ओर से निश्चित। अब केवल पिताजी की अनुमति।"

सगळ्यांच्या माना काकासाहेबांकडे वळल्या. शिवकन्या जवळ आली. विणा गळ्यात असताना माणूस खोटं बोलत नाही, हे तिला ठाऊक होतं.

"आबा, खरं सांगा. तुम्हाला शंका कोणाची होती?"

काकासाहेब तारेवर बोट फिरवत राहिले. "त्याची न्हाई," शेवटी ते म्हणाले. "त्याचं कार्ड खरं हाय ते तर हातात घेतलं तवाच कळल्तं. पर पोरी, तुला तिकडं करमलं तर?"

आसराबाईंनी डोळ्यांना पदर लावला. शिवकन्येने बापाच्या पायावर डोकं ठेवलं आणि तशीच राहिली. काकासाहेबांनी विणा सावरून एक हात तिच्या डोक्यावर ठेवला.

सुग्रीव जमादारांनी खिशातली वही काढली. पेन झटकून ते म्हणाले, "काकासाहेब, तुम्ही बोलावलं म्हणून मी बंदोबस्त सोडून आलो. आमच्या साहेबाला काहीतरी सांगावं लागंल. तक्रार काय लिवू?"

"लिवा," काकासाहेब म्हणाले. "एक परदेशी इसम भरदिवसा आमची एकुलती एक पोरगी घेऊन चाललाय. अन् फिर्यादीची काही हरकत न्हाई."