पहिली वेलांटी

नव्या लॅपटॉपने पहिल्याच पडद्यावर शुद्धलेखनाची चूक केली आणि वेलांटीकाकांनी तिथल्या तिथे त्याच्याशी अबोला धरला.

पडद्यावर अटींची लांबलचक यादी होती आणि तिच्याखाली निळ्या चौकटीत एकच शब्द होता, ‘स्विकारा’. काकांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. वेलांटी पहिलीच होती.

“हे मी स्वीकारणार नाही,” ते म्हणाले.

“काय नाही स्वीकारणार?” स्वयंपाकघरातून बायकोने विचारले.

“‘स्वीकारा’ हा शब्द.”

बायकोने पुन्हा कामाला हात घातला. ती प्रसूतिगृहात मुख्य परिचारिका होती, आज तिची सुट्टी होती, आणि सुट्टीच्या दिवशी असल्या वाक्यांचा अर्थ लावायचा नाही हे तिने लग्नानंतर लवकरच ठरवून टाकले होते.

टोपणनावे लोक प्रेमाने ठेवतात असा कुणाचा समज असेल, तर काकांचे प्रेमाने ठेवलेले नव्हते. अडतीस वर्षे छापखान्याची मुद्रिते तपासून या माणसाची नजर अशी झाली होती की औषधाच्या बाटलीवर डोस वाचण्याआधी त्यांना ‘दिवसातुन’ मधला ऱ्हस्व उकार दिसे. न्हाव्याच्या पाटीवर ‘स्त्री-पुरूष’ लिहिले होते म्हणून ती बदलेपर्यंत ते दोन महिने केस वाढवून हिंडले होते. शेवटी न्हाव्याने पाटीच काढून टाकली, तेव्हा काकांना आपण जिंकल्यासारखे वाटले.

अशा माणसाच्या घरात लॅपटॉप आला तो नाइलाजाने. या अडतीस वर्षांत काकांच्या हाताखालून शेकडो पुस्तके गेली. त्यांत लेखकाचे नाव छापून आले, प्रकाशकाचे आले, बांधणी करणाऱ्याचेही आले. काकांचे एकदाही आले नाही. हे दुःख त्यांनी कुणाला सांगितले नव्हते, म्हणजे फक्त बायकोला, मुलीला आणि छापखान्यातल्या प्रत्येकाला सांगितले होते. अखेर मालकाने मनावर घेतले. “काका, या पुस्तकात तुमचं नाव टाकतो. पहिल्या पानाच्या मागे, ‘मुद्रितशोधन’ म्हणून. पण आता कागद बंद. मी फाइल पाठवणार, तुम्ही कॉम्प्युटरवर तपासायची आणि त्याच दिवशी पाचपर्यंत परत पाठवायची. तुमच्यानंतर कुणी बघणार नाही, फाइल थेट छपाईला. पाच वाजून गेले तर काम दुसऱ्याला जाईल, आणि नावही त्याचंच जाईल.”

मुलीने लॅपटॉप पाठवून दिला आणि फोनवर विचारले, “बाबा, त्यात काय काय हवं तुम्हाला?”

“लिहिता आलं पाहिजे. बास. बाकी एकही सोय नको. मला मशीन हवंय, जावई नको.”

आणि आता फाइल यायचा दिवस उजाडून सकाळचे अकरा वाजले होते आणि ‘स्विकारा’ दाबल्याशिवाय ते मशीन पुढे सरकायला तयार नव्हते. काकांनी कंपनीच्या मदत केंद्राला फोन लावला. वीस मिनिटे बासरी ऐकवल्यावर एक मुलगी बोलायला आली.

“बोला सर, काय मदत करू?”

“पहिली वेलांटी पडलीय. दुसरी हवी.”

“पहिली वॉरंटी संपलीय का सर?”

“वॉरंटी नाही हो, वेलांटी! पहिली पडलीय.”

“काय पडलंय सर? लॅपटॉप पडला?”

“वेलांटी पडली! ‘व’वर!”

“कशावर सर?”

“‘व’वर! वजनातला ‘व’!”

“वजन पडलं का सर त्याच्यावर? सॉरी सर, पडल्यावर वॉरंटीत बसत नाही.”

काकांनी डोळे मिटून मनातल्या मनात बाराखडी म्हटली. रागावर त्यांचा हाच उपाय होता आणि तो आजवर एकदाही लागू पडला नव्हता. “हे बघा बाई. तुमच्या मशीनवर ‘स्वीकारा’ लिहिलंय. ते ‘स्वीकारा’ असं पाहिजे.”

“बरोबर सर. स्वीकाराच आहे ते.”

“नाही! तुमचं ‘स्वीकारा’ चूक आहे. माझं ‘स्वीकारा’ बरोबर आहे.”

“मग सर,” ती मुलगी अत्यंत गोड आवाजात म्हणाली, “तुमचं दाबा.”

याप्रमाणे आणखी तिघांशी बोलून झाले. तिघांनीही तक्रार नोंदवून घेतली, आणि तक्रार नोंदवल्याचा जो संदेश काकांच्या फोनवर आला त्यातही ‘स्विकारली’ असेच होते. दोन वाजत आले तरी काका हाताची घडी घालून पडद्यासमोर बसलेलेच होते. बायको जेवायला बोलवायला आली, तिने एकदा नवऱ्याकडे आणि एकदा पडद्याकडे पाहिले.

“अहो, एवढ्या वेळात जुळी होतात,” ती म्हणाली आणि पिठाच्या बोटाने तिने ‘स्विकारा’ दाबून टाकले.

“अगं! काय केलंस!”

“मोकळं केलं. नाव हवंय ना पुस्तकात? मग बसा आता पुढचं करत.”

पुढे मशीनने नाव विचारले. काकांनी एकेक कळ शोधत नाव भरले, आडनाव भरले, आणि आडनावाच्या अगदी शेवटच्या अक्षराशी गाडी अडली. तिथे दुसरी वेलांटी हवी होती आणि ती कळफलकावर सापडेना. जी कळ दाबावी ती पहिलीच वेलांटी देई. नावाच्या शेवटी वेलांटी नेहमी दुसरी, हे चौथीतल्या मुलांना येते, आणि काकांनी ते मोठमोठ्या ग्रंथकारांना लाल शाईत लिहून शिकवलेले होते. पण घड्याळात सव्वादोन झाले होते. काकांनी इकडे तिकडे पाहिले. बायको आत होती.

“मशीनपुरतंच तर आहे,” ते पुटपुटले. “कोण बघतंय?” आणि त्यांनी ‘पुढे’ दाबले. पाचच मिनिटांनी मुलीने फोनवर सांगितले की बाबा, ती एक लांब कळ धरून दाबायचं, की दुसरी वेलांटी येते. पण तोवर नावाचा पडदा निघून गेला होता.

आता सोयी सुरू झाल्या. मशीन एकेक सोय विनवण्या करत पुढे करी आणि काका दारावरच्या विक्रेत्याला घालवावे तसे तिला घालवून देत. मी तुमचा चेहरा ओळखू का? नको. तुम्ही कुठे आहात ते बघू का? घरात आहे, नको. हवामान सांगू? खिडकी आहे. मग मशीनमधून एक बाई बोलू लागली, “नमस्कार, मी तुमची मदतनीस.” तिला त्यांनी वाक्यही पुरे करू दिले नाही. प्रत्येक वेळी मशीन विचारी, ‘आपली खात्री आहे का?’, आणि या प्रश्नाने तर काकांच्या अंगाचा तिळपापड होई. अडतीस वर्षांत त्यांना हा प्रश्न विचारण्याची कुणाची छाती झाली नव्हती.

“मला विचारतोय तोच मूर्ख असेल,” ते मशीनकडे बघून म्हणाले. मशीन पुल्लिंगी की नपुंसकलिंगी याचे भान एवढ्या रागातही त्यांना होते आणि त्यांनी लगेच दुरुस्ती केली, “मला विचारतंय तेच मूर्ख असेल.”

तीनच्या सुमारास फाइल उघडली. पाणीपुरवठा खात्यातून निवृत्त झालेल्या एका बड्या साहेबांचे ते आत्मचरित्र होते, नाव ‘माझा प्रवाह’. पहिल्या पानाच्या मागे ‘मुद्रितशोधन’ या शब्दापुढे मालकाने मोकळी चौकट ठेवली होती, आणि लॅपटॉपने आपल्या धन्याचे नाव त्यात आपण होऊन भरूनही टाकले होते. काकांना भरून आले. पण पाहतात तो काय, त्यांच्या नावाखाली तांबडी नागमोडी रेघ!

रेघा पानभर होत्या. ‘जलकुंभ’ या निर्दोष शब्दाखाली होती, ‘तथापि’खाली होती, साहेबांच्या वडिलांच्या नावाखालीही होती. पण त्या काकांनी सोसल्या असत्या. आपल्या नावाखाली तांबडी रेघ! जन्मभर दुसऱ्यांच्या अक्षरांखाली लाल रेघा ओढलेल्या माणसाच्या नावाखाली! संतापाने त्यांना रेघेशिवाय काही दिसेना. वर काय लिहिले आहे ते तर मुळीच दिसले नाही.

“मला शिकवतंय हे!” ते ओरडले. मुलीला फोन झाला, ‘शुद्धलेखन तपासा’ ही सोय कुठून बंद करायची ते कळले, आणि ती बंद झाली. आपली खात्री आहे का? आहे, आहे, आहे! रेघा गेल्या आणि पान कसे स्वच्छ झाले.

त्याच झपाट्यात आणखी एक सोय गेली. चूक दाखवून समासात काही लिहायला जावे तर रंगीत फुगा उगवे आणि त्यात लिहावे लागे. फुग्यात लिहायला आपण काय चित्रकथा काढतोय? काकांनी फुगे बंद केले आणि आपले शेरे कंस करून मजकुरातच लिहायला सुरुवात केली. कागदावर जन्मभर त्यांनी असेच शेरे लिहिले होते, ते वाचून छापखान्यातले अक्षरे जुळवणारे जुळारी पोट धरून हसत आणि मग गाळून टाकत. या फाइलच्या वाटेवर आता एकही जुळारी उरलेला नव्हता, हे मालकाने स्वच्छ सांगितले होते. पण बोलणाऱ्याच्या व्याकरणाकडे लक्ष असले की त्याचे म्हणणे निसटतेच.

साहेबांनी लिहिले होते, ‘मी पाईप टाकला नसता तर शहर तहानेने मेले असते.’ काकांनी लिहिले, (मजूर होते की तुम्ही स्वतः खणत होतात?) साहेबांनी लिहिले, ‘माझी विनम्रता सर्वश्रुत आहे.’ काका, (आम्ही ऐकली नाही.) बढतीचे प्रकरण चौथ्यांदा आले तेव्हा, (झाले की सांगून! पाण्याला मीटर असते, तसे तोंडाला हवे.) पाचला दोन मिनिटे कमी असताना त्यांनी फाइल पाठवली आणि खुर्चीत मागे रेलून ते म्हणाले, “नको ते सगळं काढलं की मशीन गुणी आहे.”

महिन्याभराने पुस्तक आले. काकांनी पुडके हातात घेतले तेवढ्यात मालकाचा फोन आला.

“काका, तुमचे शेरे छापून आलेत.”

काकांनी पुडके खाली ठेवले. “सगळे?”

“कंसासकट. पाण्याच्या मीटरसकट.”

“साहेब काय म्हणाले?”

“सकाळी आले होते. मी तर खुर्चीमागे लपायच्या बेतात होतो. पण त्यांना सगळीकडून फोन येतायत, की एवढा मोठा माणूस, आणि स्वतःची अशी टर उडवून घेतो, काय मनाचा मोठेपणा! शेरे त्यांनीच लिहिलेत असं समजतायत लोक. साहेबांनाही आता तसंच वाटायला लागलंय. दुसरी आवृत्ती काढतोय. एक अक्षर बदलायचं नाही असा त्यांचा हुकूम आहे.”

काकांच्या जिवात जीव आला. मग हळूहळू त्यात थोडी हवाही भरली. “माझं नाव आहे ना पण?”

“आहे तर! मी हातसुद्धा लावला नाही. तुमच्या फाइलीत होतं तसंच्या तसं. शुद्धलेखनात तुमच्यावर शंका घेणारा मी कोण?”

काकांनी पुडके फोडले. बायकोही हात पुसत येऊन मागे उभी राहिली. पहिले पान उलटले. मुद्रितशोधन. पुढे नाव. पुढे आडनाव. आणि आडनावाच्या शेवटच्या अक्षरावर, हजार प्रतींत हजार वेळा, ठसठशीत काळ्या शाईत, पहिली वेलांटी.

काकांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिले. मग काकांनी फोन पुन्हा कानाला लावला. “मालक, दुसऱ्या आवृत्तीत तेवढी एक दुरुस्ती...”

“एक अक्षर नाही, काका. साहेबांचा हुकूम.”

काकांनी फोन ठेवला आणि आपल्या नावाकडे पाहत राहिले. अडतीस वर्षांत त्यांनी जाणूनबुजून सोडलेली ती एकमेव चूक होती. त्यांना रडू यायचेच बाकी होते, पण बायकोसमोर तेही जमेना. तिने पुस्तक त्यांच्या हातातून घेतले, नाव वाचले, आणि नवऱ्याच्या खांद्यावर हात ठेवला.

“आता स्विकारा,” ती म्हणाली.

आणि काका शपथेवर सांगतात, तिने पहिलीच वेलांटी उच्चारली.