बँकॉकच्या भंतेंना बँकॉक

बँकॉक शहराची खडान्‌खडा माहिती असलेला माणूस आपल्या डोंगरकडा गावापासून हिंगोलीपर्यंत एकच आहे आणि तो म्हणजे आपण, असं किशनराव मास्तरांनी जाहीर केलं, तेव्हाच त्यांच्या बायकोचं, पद्माबाईचं, पित्त खवळलं होतं. बँकॉक राहू द्या, मास्तर औरंगाबादच्या पुढे गेले नव्हते. पण नागपूरहून एक पुस्तक मागवून त्यांनी अठ्ठावीस पानी भाषण लिहून काढलं होतं. आणि ते ऐकवायचं कुणाला? तर खुद्द बँकॉकहून येणाऱ्या भंतेंना!

"ज्याचं गाव त्यालाच काहून सांगून राहिले?" पद्माबाईनं विचारलं.

"त्यांलाही कळू दे, आमी किती जाणतो ते," मास्तर म्हणाले.

पद्माबाईचा जीव वेगळ्याच गोष्टीत अडकला होता. धम्म घेऊन अठरा वर्षं झाली, पण भिक्खूच्या पात्रात आपल्या हातचा घास घालायची संधी तिला एकदाही मिळाली नव्हती. आता चौऱ्याहत्तरच्या उन्हाळ्यात, गावातल्या नव्या विहारात भंते येणार होते म्हणून ती चालून आली होती. हिंगोलीच्या पुंजाजींनी, म्हणजे भंतेंच्या दुभाष्यानं, पत्रात बजावलं होतं की भंते दिवसातून एकदाच जेवतात, तेही दुपारी बाराच्या आत. बारा वाजल्यावर घास नाही. हे पत्र मास्तरांनीच तिला मोठ्यानं वाचून दाखवलं होतं आणि खिशात घातलं होतं.

पद्माबाई पहाटेच चुलीपुढे बसली. तांड्यावरच्या मिराबाईनं दोन चरव्या दूध आणून दिलं, त्याची खीर आटवली. पुऱ्या, वरण, भात, वांग्याची भाजी. दहाला सगळं तयार!

दहाला जीप आली. मग मिरवणूक निघाली आणि एक गल्ली सुटली तर ती गल्ली रुसेल म्हणून सगळ्या गल्ल्यांतून फिरली. मग हार. ज्यानं विहाराच्या बांधकामाला एक वीट दिली होती, त्यालाही हार घालायचा होता. अकरा वाजून गेल्यावर मास्तर माइकपुढे आले आणि म्हणाले, फक्त पंधरा मिनिटं घेतो. असं सांगणाऱ्या माणसाला तिथल्या तिथे खाली बसवावं, असं पद्माबाईला वाटलं आणि ते चुकीचं नव्हतं.

मास्तरांनी चाओ फ्राया नदीपासून सुरुवात केली. मग कालवे आले, होड्यांत भरणारा बाजार आला, लाकडी खांबांवरची घरं आली, विहारांचे सोनेरी कळस आले. भंतेंना मराठीचं अक्षर कळत नव्हतं आणि पुंजाजींना भाषांतर करायला मास्तर उसंत देत नव्हते. ते खाली मान घालून शांत बसले होते. साडेअकराला मास्तरांनी त्या शहराचं पूर्ण नाव घेतलं. बँकॉक हे नुसतं बोलायचं नाव. खरं नाव आगगाडीएवढं लांब! "क्रुंग थेप महानखोन, अमोन रत्तनकोसिन, महिंथरा अयुथ्थया..."

इतक्या वेळात हे एकच भंतेंना कळलं. त्यांचा चेहरा फुलला, त्यांनी हात जोडले. मास्तर विरघळलेच. त्यांनी नाव पुन्हा म्हटलं, मध्येच अडकले आणि पहिल्यापासून धरलं.

मांडवाच्या मागून पद्माबाईनं पळी उंच करून हलवली. मास्तरांना वाटलं, बायको शाबासकी देऊन राहिली. तिनं पुंजाजींना निरोप धाडला. पुंजाजींनी घड्याळ दाखवलं. मास्तरांना वाटलं, अजून भरपूर वेळ आहे असं म्हणताहेत. लग्नाला वीस वर्षं झाली, पण या माणसाचा इतका संताप तिला कधी आला नव्हता. खीर पुन्हा गरम करून करून खाली लागली.

चोविसाव्या पानावर मास्तर बँकॉकच्या सकाळपर्यंत पोचले. तिथे भिक्खू पात्र घेऊन रस्त्यानं कसे जातात, बायाबापड्या उंबऱ्यात बसून अन्नदान कसं करतात, हे त्यांनी गहिवरून सांगितलं. मग आवाज चढवून वाचलं, "आणि दुपारी बारा वाजून गेले की भिक्खू अन्नाच्या कणालाही शिवत नाही!"

सगळ्यांनी पुंजाजींच्या मनगटाकडे पाहिलं. बारा वाजून दहा मिनिटं झाली होती.

भंते नुसतं पाणी प्याले, पद्माबाईला हसून आशीर्वाद दिला आणि जीपमध्ये बसले. संध्याकाळी त्यांना पुढच्या गावी पोचायचं होतं. भरलेलं ताट हातात घेऊन ती धूळ बसेपर्यंत उभी राहिली. मग मागे फिरली आणि गावाला पंगतीला बसवलं.

शेवटच्या पंगतीत मास्तर पाट ओढून बसले. पुरी, भात, खीर, सगळं डावीकडच्याला पडलं, उजवीकडच्याला पडलं.

"आवं, मला?"

"तुमी बँकॉकचे जाणते," पद्माबाई म्हणाली. "बारा वाजल्यावर तुमाला कसं वाढू?"

पंगत खाली मान घालून जेवत राहिली. त्या दिवशी डोंगरकड्याहून एक माणूस उपाशी गेला आणि एक उपाशी राहिला. गेलेल्याचं पद्माबाईला फार वाईट वाटलं.