सहीची शेपटी

फोनने सहीसाहेबांना साधा प्रश्न विचारला होता. आमच्याकडे चार तयार सह्या आहेत, त्यातली एक निवडता की स्वतःच्या बोटाने करता? शहाण्या माणसाने तयार सही निवडली असती आणि दुपारची झोप काढली असती. सहीसाहेबांनी बोट निवडलं. पुढचा सगळा घोळ त्या बोटाने घातला.

सहीसाहेब हे नाव त्यांना कचेरीने दिलं होतं. चौतीस वर्षं हेडक्लार्क. हुद्दा बेताचा, पण सही मंत्र्याने हेवा करावा अशी. आधी एक उंच काठी, तिच्यावर चढलेली तीन वेटोळी, उजव्या टोकाला एक गिरकी, आणि गिरकीतून सुटणारी शेपटी. ही शेपटी अख्ख्या नावाखालून डावीकडे परत यायची आणि जिथे थांबेल तिथे दोन टिंबं. टक्, टक्. टिंबं देऊन झाली की साहेब मान मागे घेऊन पहिलटकरणीच्या नवऱ्यासारखे सहीकडे बघत बसायचे. (शेपटीला जागा उरली नाही तर अर्ज परत यायचा. लोक घाबरून तक्रारीसुद्धा आखूड लिहायला शिकले होते.)

आता निमित्त घराचं होतं. दोघं राहायची चौथ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, आणि बायकोच्या गुडघ्यांनी केव्हाच संप पुकारलेला. ती आठवड्यातून एकदा खाली उतरायची, आणि वर येताना प्रत्येक मजल्यावर मुक्काम करायची. तळमजल्यावरच्या घरासाठी त्यांचं नाव दोन वर्षं यादीत होतं. ते घर आज रिकामं झालं होतं. इमारत चालवणाऱ्या कंपनीने करार मोबाईलवर पाठवला आणि बजावलं, की दोघांनी पाचच्या आत सही करावी, नाहीतर घर यादीतल्या पुढच्याला. पुढचा होता दुसऱ्या मजल्यावरचा दातांचा डॉक्टर. त्याला ते घर कुत्र्यासाठी हवं होतं. कुत्र्याला जिने मानवत नाहीत, असं तो स्वतः सांगायचा.

बायकोने पीठ मळता मळता करंगळीने एक लाट काढली.

"झाली माझी," ती म्हणाली.

"ही सही? शाईत पडलेली माशीसुद्धा याहून बरी चालते."

"फोनला चालली ना? मग झालं. आता तुम्ही करा, तीन वाजले."

सहीसाहेबांनी हात धुतले, चष्मा पुसला, फोन टेबलावर सरळ रेषेत ठेवला. काठी, वेटोळी, गिरकी, शेपटी, टक्, टक्. पडद्यावर काहीतरी उमटलं. त्यातला फक्त शेवटचा 'धन्यवाद' वाचून ते उठले.

"बघ. आभार मानतोय," ते म्हणाले. "तुझे मानले होते का?"

दहा मिनिटांनी कंपनीतून एका मुलीचा फोन आला.

"सर, तुम्ही करार नाकारलात. कारण कळेल का?"

"मी? मी तर सही केली. पूर्ण."

"इथे 'नाकारला' दिसतंय. पुन्हा लिंक पाठवू?"

पुन्हा लिंक, पुन्हा हात धुणं, पुन्हा काठीपासून शेपटीपर्यंत सगळा थाट. पुन्हा धन्यवाद, आणि पुन्हा त्याच मुलीचा फोन.

"सर, तुम्हाला घर नको आहे का?"

फोन स्पीकरवर होता. बायको पिठाचे हात तसेच ठेवून खुर्चीवर बसली.

"मला कळलंय," ती हळू म्हणाली. "तुम्हाला ही गॅलरी सोडवत नाहीये. तसं सांगायचं ना. दोन वर्षं मला कशाला आशेवर ठेवलंत?"

आता मात्र सहीसाहेबांचा चेहरा उतरला. गॅलरी त्यांना आवडायची हे खरं. पण रोज संध्याकाळी तिथून ते खालच्या बाकावर गप्पा मारणाऱ्या बायका बघायचे आणि त्यांच्यात आपली एक कमी आहे, एवढंच मोजायचे. हे त्यांनी कधी बोलून दाखवलं नव्हतं. आत्ताही जमलं नाही. ते फोनवरच खेकसले, "मुली, तुमच्या यंत्रात काहीतरी खोट आहे."

"काका, तुम्ही सही कशी करता ते सांगा बरं. अगदी सुरुवातीपासून."

काकांनी सांगितलं. चौतीस वर्षांत पहिल्यांदाच कुणी विचारलं होतं, त्यामुळे जरा सविस्तरच सांगितलं.

"आणि शेवटी टिंबं? ती कुठे?"

"डावीकडे. खाली."



"काका, तिथे 'नाकारा'चं बटन आहे. पहिलं टिंब त्याच्यावर पडतं. मग फोन विचारतो, नक्की नाकारायचं? आणि दुसरं टिंब पडतं 'हो'वर."

बायको इतकी हसली की तिला गुडघे दुखताहेत हे विसरायला झालं. मग मुलगी म्हणाली, तिसरी लिंक शेवटची, त्यानंतर घर आपोआप पुढे जातं; तेव्हा काका, प्लीज, शेपटी काढू नका. घड्याळात साडेचार झाले होते.

सहीसाहेबांनी जुन्या वर्तमानपत्रावर सराव केला. अकरा सह्या, अकरा शेपट्या, बावीस टिंबं. गिरकीपर्यंत हात त्यांचा असायचा, पुढे तो कचेरीचा व्हायचा.

"थांबतच नाही गं," ते म्हणाले. त्या आवाजात पहिल्यांदाच सहीबद्दल जरा भीती होती.

बायको उठली, हात धुऊन समोर उभी राहिली आणि तिने फोनची कड चिमटीत धरली.

"तुम्ही करा. शेपटी आली की मी ओढते."

"तुला कसं कळणार कधी ओढायचं?"

"शेपटीच्या आधी तुम्ही श्वास घेता. माझा जन्म गेला बघण्यात."

काठी. वेटोळी. गिरकी. श्वास. बायकोने फोन असा खेचला, की शेपटी टेबलक्लॉथवर वाहून गेली, एक टिंब टेबलावर पडलं आणि दुसरं चहाच्या बशीत. तिने ओल्या बोटाने 'मान्य' दाबलं. पाचला सात मिनिटं कमी होती.

तळमजल्यावर आल्यावर पंधरा दिवसांनी कंपनीच्या एक बाई घरी आल्या. ग्राहकांना मोबाईलवर सही करणं सोपं जावं, हे बघणारं त्यांचं खातं होतं. त्यांनी साहेबांच्या बोटाचं चित्रीकरण केलं. (साहेबांनी आदल्या दिवशी त्या एकाच बोटाचं नख कापून ठेवलं होतं.) चाळीस सह्या झाल्या. बाई नम्रपणे म्हणाल्या, "तुमच्यामुळे आम्हाला फार मोठी चूक सापडली."

महिन्याभरात अॅप बदललं. सहीला आडवा अख्खा पडदा मिळाला आणि 'नाकारा'चं बटन वेगळ्या पानावर गेलं. सहीसाहेब बाहेरच्या बाकावर बसून पोस्टमनपासून डॉक्टरच्या कुत्र्यापर्यंत सगळ्यांना सांगत, "आता जगात कुणीही सही केली तरी जागा माझ्या शेपटीच्या मापाची." बायको शेजारच्या बायकांमध्ये बसून मान डोलवायची. तिच्याही तोंडावर तोच रुबाब असायचा, फक्त तो ती लपवायची.

मग कंपनीने त्यांच्या नावाने आभाराचं पत्र काढायचं ठरवलं. त्यासाठी त्यांची परवानगी हवी होती, अर्थात मोबाईलवर सही करून. सहीसाहेबांनी बाकावरच्या सगळ्यांना घरात बोलावलं. फोन आडवा धरला. काठी, वेटोळी, गिरकी, मग ती शेपटी, या टोकापासून त्या टोकापर्यंत, कुठेही न अडखळता. टक्, टक्. डॉक्टरनेसुद्धा टाळ्या वाजवल्या.

फोनने जरा विचार केला. मग अक्षरं आली, आणि या वेळी साहेबांनी ती पहिल्यापासून वाचली, तीही मोठ्याने.

"ही सही आमच्याकडे नोंदवलेल्या तुमच्या सहीशी जुळत नाही. कृपया नेहमीची सही करा. धन्यवाद."

बायको पदराला हात पुसत आली आणि तिने फोनची कड चिमटीत धरली.

"करा सुरू," ती म्हणाली. "ओढते मी."