मुसकं बैलाले, मास्क माणसाले

आमच्या फवारणीच्या टोळीत चहाच्या आधी दाढी व्हायची. मुकादम डोमाभाऊ स्वतः वस्तरा घेऊन बसत आणि आम्हा चौघांचे गाल गुळगुळीत करून सोडत. पन्नासच्या दशकातली गोष्ट. धानोऱ्याकडच्या जंगलातल्या गावांत हिवतापाच्या डासांवर घरोघरी डीडीटी मारायची, हे आमचं काम.

"गालावर खुंट असले का मास्कचं रबर चिकटत नाई," भाऊ सांगत. "मंग औषध बाजूनं घुसते."

गावकरी आमच्या मास्कला मुसकं म्हणत. भाऊंना ते खपत नसे. "मुसकं बैलाले, मास्क माणसाले!" काम संपलं की गाळणीची डबी काढायची, रबर साबणानं धुवायचं, सावलीत वाळवायचं. मी एकदा मास्क उन्हात वाळत घातला, तर भाऊ दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. सकाळी मास्क चढवला की डबीवर तळहात दाबून श्वास ओढायला लावत. रबर गालाला चिकटलं तरच पंप हाती.

एकदा जिल्ह्याच्या ठिकाणाहून, चांद्याहून, भरघोस दाढीवाले साहेब पाहणीला आले. मास्क लावून झोपडीत शिरणार, तोच भाऊ दारात आडवे उभे राहिले. साहेब बाहेरच थांबले. आम्ही आठवडाभर छाती काढून चाललो.

मग आमच्यातल्या लालसूनं दाढीला नकार दिला. बायको तापानं अंथरुणाला खिळली होती. ती उठेपर्यंत वस्तरा लावणार नाही, असं तो देवाला बोलला होता. आम्हाला वाटलं, याची नोकरी गेली.

भाऊंनी वस्तरा मिटून ठेवला. "देवाले बोललास तं मोडू नोको. पण पंप नाई भेटणार."

लालसूला त्यांनी बाहेर पाणी भरायला लावलं आणि त्याच्या वाटची घरं स्वतः फवारली. पन्नाशी उलटलेला माणूस, महिनाभर दोघांचं काम. खांद्यावर पट्ट्याचे वळ उठले, पण वर कुठे कळवलं नाही.

बायको बरी झाली तशी लालसूनं दाढी करवून घेतली आणि टोळीला जेवायला बोलावलं. तिनं सगळ्यांना भात वाढला. भाऊ पहिला घास हातात धरूनच बसले. भाजी तिखट झाली का, असं मी हळूच विचारलं.

"नाई," ते म्हणाले. "कोणाच्या घरी जेवाले बसून लई वर्षं झाली."

भाऊंच्या घरी कोण आहे, हे आम्ही कधी विचारलंच नव्हतं.