काबुली पास, चिंचोके रिजेक्ट

शिदोरे काका मला पहिल्यांदा भेटले ते लिफ्टमध्ये. सिंगापूरच्या टॅम्पिनीसमधला आमचा ब्लॉक, मी अकराव्या मजल्यावर, तेही अकराव्या. मी फोनवर बायकोला "आलो गं, आलो" म्हणत होतो, त्यावरून मराठी आहे एवढं त्यांना कळलं असणार. लिफ्टचं दार बंद झालं. त्यांनी मला डोक्यापासून चपलेपर्यंत बघितलं, मग चपलेपासून डोक्यापर्यंत बघितलं, आणि म्हणाले, "रिजेक्ट."

ना ओळख ना पाळख. मी म्हटलं, "काय म्हणालात?"

"दुसरं बटण तिसऱ्या काजात. रिजेक्ट."

खाली बघितलं तर खरंच शर्टाची एक बाजू वर, एक खाली. मी सकाळपासून तसाच फिरत होतो. बाजारात गेलो, बँकेत गेलो, एका बाईला रस्तासुद्धा सांगितला. तोही चुकीचाच असणार.

काका पुण्याजवळच्या एका दारूगोळ्याच्या कारखान्यात तपासनीस होते. चौतीस वर्षं. पट्ट्यावरून बंदुकीच्या गोळ्या यायच्या, काका बघायचे. सरळ ती पास, वाकडी ती रिजेक्ट. पुढे रिटायर झाले, मुलाने, निखिलने, सिंगापूरला आणलं. माणूस रिटायर झाला, डोळे काही झाले नाहीत. बाजारात पपई उचलायचे, कानाशी धरून टकटक करायचे, "रिजेक्ट." हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे इथल्या खाऊगल्लीत, पराठा आला की आधी ताट गोल फिरवून कडा बघायचे. पराठेवाला अण्णा त्यांना बघितलं की दोन पराठे जास्तीचे करायचा, एखादा तरी पास होईल म्हणून.

फक्त घरात कशाला नावं ठेवायची नाहीत. सुनेची पोळी ऑस्ट्रेलियाच्या नकाशासारखी यायची, मुकाट्याने खायचे. मी एकदा विचारलं तर म्हणाले, "घरच्या मालाची तपासणी करायची नसते बाळू." आणि एक नियम होता त्यांचा. न बघता शिक्का मारायचा नाही. "हात तुटला तरी नाही. माल हातातून सुटला की कुठे जाऊन फुटेल सांगता येत नाही."

आता मी कोण ते सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. मी दहावी नापास. दोनदा. संगमनेरला माझा मंडपाचा धंदा होता. शेजारची सुवर्णा कॉम्प्युटर शिकली, आयुष्यात एकही गणित चुकली नाही, आणि एकदा चुकली ती माझ्याशी लग्न करून बसली. तिला इथे नोकरी लागली, मागोमाग मी. इथल्या सरकारने मला जे कार्ड दिलंय त्याचा अर्थ हा माणूस बायकोवर अवलंबून आहे असा होतो. आमच्या गावात हे सगळ्यांना माहीत होतं, पण असं छापून कुणी दिलं नव्हतं.

इंग्रजी मला येत नाही. म्हणजे कॅन, कॅनॉट आणि थँक्यू येतं. सिंगापुरात तेवढ्यावर निभतं. कुणी चौथा शब्द बोललं की मी हसतो, मग घड्याळ बघतो, मग निघतो. पण येत नाही हे कबूल करायचं? छे! एकदा मला खाली एक पाकीट सापडलं. पोलीस चौकीत नेलं, टेबलावर ठेवलं, मीच "थँक्यू" म्हटलं आणि पळालो. काकांना सांगताना मात्र मी सांगितलं की सार्जंट आपला दोस्त आहे, येता-जाता चहा होतो.

ही थाप मला महागात पडली. म्हणजे मला नाही पडली. तेच तर सांगायचंय.

एका दुपारी काकांनी मला घरी बोलावलं. काकू नेहमीच्या वेताच्या खुर्चीत बसल्या होत्या. "जेवलास का रे?" म्हणाल्या. मी म्हटलं हो. दोन मिनिटांनी पुन्हा, "जेवलास का रे?" मला वाटायचं बाई अगत्यशील आहेत. मी प्रत्येक वेळी हो म्हणायचो आणि एकदा तर गंमत म्हणून नाही म्हटलं, तर उठून पोळ्यांचा डबा शोधायला लागल्या.

काकांनी मला गॅलरीत नेलं आणि हळूच विचारलं, "घराच्या रक्षणाला या देशात कुठला दारूगोळा कायद्याने चालतो?"

"काका, इथे च्युइंगगम मिळत नाही, आणि तुम्ही दारूगोळा मागताय!"

"हसू नकोस." त्यांनी टॉवेलची गुंडाळी उघडली. आत बेचकी. मागच्या महिन्यात निखिलने त्यांना पुलाउ उबीन बेटावर फिरायला नेलं होतं, तिथे पडलेली पेरूची दुबेळकी फांदी त्यांनी पिशवीत टाकून आणली होती. रबर सुनेच्या व्यायामाच्या पट्ट्याचं. आणि सोबत बारा काचेच्या गोट्या.

"हे हत्यार. हा दारूगोळा. पास की रिजेक्ट, ते सरकार सांगेल. तुझी सार्जंटशी ओळख आहे ना? विचारून ये. निखिलला कळू देऊ नकोस, तो चिडतो. मीच गेलो असतो, पण माझं इंग्रजी कारखान्यातलं. पास आणि रिजेक्ट, पुढे नाही."

त्याच वेळी म्हणायला हवं होतं, काका, तुमचे दोन शब्द, माझे तीन, आपण सारखेच. पण मी छाती काढून म्हटलं, "एवढंच ना?"

गेलो. चौकीसमोरच्या कॉफीशॉपमध्ये बसलो. दोन चहा प्यायलो, चौकीच्या दाराकडे बघितलं, आणि परत आलो.

"काचेची गोटी रिजेक्ट. फुटली तर कुणाच्या तरी डोळ्यात जाते."

काका खूश! "बघ, सरकार विचार करतंय." लांब वही काढली, तारीख टाकली, लिहिलं: काचेची गोटी, रिजेक्ट, बाळूमार्फत सार्जंट.

मग मला चटकच लागली. काका दर आठवड्याला नवा माल काढायचे, मी दोन चहा पिऊन निकाल आणायचो. सुपारी? रिजेक्ट. पोलिसाने सुपारी बघितली तर आधी थुंकायचा दंड लावेल. चिंचोके? पास, फळाची बी आहे, फळ चालतं. छोले? तिथे मी जरा डोकं खाजवलं आणि म्हटलं, काबुली पास, काळे रिजेक्ट. काळे कडक असतात. काकांना शंका आली म्हणून त्यांनी चाचणी घ्यायची ठरवली आणि मी पोटाला उशी बांधून गॅलरीत उभा राहिलो. काबुली छोला उशीच्या दीड वीत खाली लागला. मी जे ओरडलो, ते काकांनी वहीत लिहून घेतलं.

घरी जेवताना हे सगळं सुवर्णाला सांगायचो. ती हसून हसून आडवी व्हायची. एकदा हसता हसता थांबली. "पण त्यांना हे हवंय कशाला?"

"चोरासाठी."

"टॅम्पिनीसमध्ये चोर? तू विचारलंस का त्यांना?"

विचारलं नव्हतं. विचारायचं सुचलंच नव्हतं. त्याच आठवड्यात सेरंगूनला एकांच्या घरी गणपतीला मंडळी जमली होती, तिथे मी काकांची नक्कल केली. बेचकी, वही, "सरकार विचार करतंय", सगळं. बँकवाले, कॉम्प्युटरवाले, मोठमोठे शिकलेले लोक पोट धरून हसले. मला वन्स मोअर मिळाला. इतक्या शिकलेल्या लोकांनी माझं काही पुन्हा ऐकायची ती पहिलीच वेळ. मी पुन्हा केलं. आठवलं की अजून कान तापतात.

मग काका म्हणाले, "बाळू, तोंडी निकालावर मी कधी माल सोडला नाही. सार्जंटची सही आण. नाहीतर असं करू, उद्या मीच येतो तुझ्याबरोबर."

दुसऱ्या दिवशी सकाळीच मी त्यांचं दार वाजवलं आणि तोंड गंभीर करून सांगितलं, "काका, नवीन नियम आलाय. सगळं रिजेक्ट. चिंचोके, काबुली, बेचकीसुद्धा. घरात सापडलं तर निखिलचा इथे राहायचा पास रद्द करतील."

निखिलचं नाव घ्यायची काही गरज नव्हती. पण खोटं बोलताना माझा हात सैल असतो, मीठ जास्तच पडतं.

काका आत गेले. बेचकी आणली, गुडघ्यावर ठेवून मोडली, चिंचोक्यांच्या आणि छोल्यांच्या पुड्यांसकट कचऱ्याच्या चूटमध्ये, थेट तळापर्यंत जाणाऱ्या नळीत, टाकली. अकरा मजले खाली जाईपर्यंत तिचा आवाज आम्ही दोघांनी ऐकला. मला वाटलं, सुटलो.

चारेक दिवसांनी सुवर्णाने त्यांच्याकडे वड्या द्यायला पाठवलं. दिवेलागणीची वेळ. त्या वेळेला मी कधी गेलोच नव्हतो, माझं जाणं दुपारचं. निखिल आणि सून कामावरून यायचे होते. मी जाळीच्या दाराची कडी वाजवली. आत काहीतरी पडलं.

लाकडी दार अर्धं उघडं होतं. काकू भिंतीला पाठ लावून उभ्या. हातात लाटणं. दुपारच्या त्या हसऱ्या बाई या नव्हत्याच. अंग लटलट कापत होतं.

"कडी वाजतेय. आले बघा. तुमच्या हातात काही आहे का?"

काका समोर उभे. त्यांनी हात उघडून दाखवला. रिकामा. "नाही गं. इथे चालत नाही. पण इथे चोरही नाहीत."

"आहेत! कडी वाजतेय!"

कडी मी वाजवली होती.

काकू खुर्चीत बसल्यावर काका बाहेर कॉरिडॉरमध्ये आले. माझ्याकडे न बघता सांगितलं. निखिल पाळण्यात असताना कारखान्याच्या क्वार्टरमध्ये चोर शिरले होते. काका पाळीवर. काकू पोराला घेऊन स्वयंपाकघराच्या दाराला पाठ लावून उभ्या राहिल्या, हातात लाटणं.

"मी तिकडे गोळ्या मोजून पास करत होतो. हजारो. आणि घरात हिच्या हातात लाटणं. आता सगळं विसरत चाललीये. निखिलचं नाव विसरते कधीकधी. हे तेवढं राहिलंय. दिवे लागले की विचारते, हातात काही आहे का. मी बेचकी दाखवायचो, चिंचोके दाखवायचो. मग ठीक आहे म्हणायची, जेवायला बसायची. चार दिवस झाले, नीट जेवत नाही."

मी म्हटलं, "काका, नुसती मूठ मिटून दाखवा ना. आहे म्हणून सांगा."

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी त्यांना चोरी करायला सांगितली. "तिला? खोटा माल?"

मी वड्यांची डबी जमिनीवर ठेवली. मी म्हटलं, "काका, मी चौकीत गेलोच नाही. एकदाही. मला इंग्रजी येत नाही."

"गोट्या?"

"मीच रिजेक्ट केल्या."

"चिंचोके?"

"मीच पास केले."

"निखिलच्या पासचं?"

"तेही मीच रचलं." मी वाट बघत होतो, आता म्हणतील रिजेक्ट. शिव्या दिल्या असत्या तरी चाललं असतं. त्यांनी इतकंच विचारलं, "मग खरं काय आहे?"

"मला माहीत नाही काका."

सिंगापुरात आल्यापासून हे वाक्य मी पहिल्यांदा बोललो.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं चौकीत गेलो. टेबलाशी एक तरुण मलय पोलीसबाई. म्हणजे माझा दोस्त सार्जंट. मी मूठभर काबुली छोले टेबलावर ठेवले, छातीवर हात ठेवून थरथर कापून दाखवलं, म्हटलं, "अंकल वाइफ." मग मूठ मिटली. "धिस हँड. कॅन?"

ती आधी घाबरली, मग गोंधळली. मग काकांकडे बघितलं आणि आवाज खाली आणला. "आंटी स्केअर्ड, इज इट? होल्ड इन हँड, कॅन लाह. शूट पीपल, कॅनॉट." काकांनी वही पुढे केली. तिने सही दिली नाही, चौकीचा फोन नंबर लिहून दिला. आंटी घाबरली की कधीही फोन करा, एवढं मलासुद्धा कळलं. बेचकीचं विचारायचं राहिलं. बेचकीला इंग्रजीत काय म्हणतात ते आम्हा दोघांना माहीत नव्हतं, आणि कायदा काय आहे ते अजूनही माहीत नाही.

त्या संध्याकाळी काकांनी मला बोलावलं नव्हतं. मीच जाऊन दाराजवळ उभा राहिलो.

दिवे लागले. काकू उठल्या. "तुमच्या हातात काही आहे का?"

काकांनी तळवा उघडला. चार छोले. "आहे. काबुली. सरकारने पास केलेत."

काकूंनी एक उचलून दाबून बघितला, परत ठेवला आणि काकांची मूठ आपल्या दोन्ही हातांनी मिटली. मग त्यांना मी दिसलो.

"हा कोण?"

"शेजारचा बाळू. बंदोबस्ताला आलाय."

"हा चालेल का?"

काकांनी मला डोक्यापासून चपलेपर्यंत बघितलं, चपलेपासून डोक्यापर्यंत बघितलं. गडबडीत माझं दुसरं बटण तिसऱ्या काजात गेलं होतं, ते त्यांच्या नजरेतून सुटणं शक्यच नव्हतं. नजर तिथे थांबलीसुद्धा.

"पास," ते हळूच म्हणाले.

"मग ठीक आहे," म्हणून काकू जेवायला बसल्या.

चौतीस वर्षांत आणि त्यानंतरही काकांनी डोळ्यांदेखत वाकडा माल सोडला असेल, तर तो तेवढाच. मी त्यांच्याकडे पाठ केली आणि बटण काढून नीट लावलं.